ऑफसेट नेमका कुणाचा?

हीटरला १०० मिलिअँपिअर मागितले आणि मिळाले १३८. काम साधं होतं. ॲल्युमिनिअमच्या छोट्या ठोकळ्यात नमुन्याच्या नळ्या ठेवायच्या आणि तो ठोकळा ३७ अंश सेल्सिअसवर राखायचा. २४ व्होल्टचा सप्लाय, २० ओमचा हीटर, त्याच्या खाली मॉसफेट, मॉसफेटच्या सोर्सला ०.१ ओमचा रेझिस्टर आणि हे सगळं चालवायला एलएम३५८ हा ऑप-ॲम्प. रेझिस्टरवरचं व्होल्टेज कमांडइतकं होईपर्यंत ऑप-ॲम्प गेट वर-खाली करत राहतो आणि त्यातून प्रवाह ठरतो. सर्किट पुस्तकातलंच आहे आणि चांगलं आहे. तरीही मीटरवर ३.८ मिलिव्होल्टचा फरक दिसत होता.

३.८ मिलिव्होल्ट ऐकायला किरकोळ वाटतात. पण ०.१ ओमवर १०० मिलिअँपिअर म्हणजे मुळात १० मिलिव्होल्टच. त्यात ३.८ ची भर पडली की प्रवाह ३८ टक्क्यांनी वाढतो, आणि उष्णता वाढते ती प्रवाहाच्या वर्गाने. हवे होते ०.२ वॅट, गेले ०.३८ वॅट, जवळजवळ दुप्पट. हाच फरक १ अँपिअरला जेमतेम ३.८ टक्के प्रवाहाचा असतो. म्हणून ऑफसेट बोचतो तो कमी प्रवाहावर. आपल्याकडे मे महिन्यात खोलीच ३५ अंशांवर असते, तेव्हा ३७ राखायला ठोकळ्याला अशीच चिमूटभर उष्णता लागते. थंडीत नीट चाललेलं यंत्र उन्हाळ्यात का भरकटतं, याचं एक कारण इथे सापडतं.

असं काही दिसलं की बहुतेक जण डेटाशीट उघडतात. तिथे एलएम३५८ चा ऑफसेट २५ अंशांना जास्तीत जास्त ७ मिलिव्होल्ट दिलेला असतो. 'म्हणजे हाच तो' म्हणून प्रीसेट जोडला जातो आणि आकडा जुळेपर्यंत फिरवला जातो. माझं आग्रहाचं सांगणं आहे की प्रीसेटला हात लावण्याआधी अर्धा तास मीटरला द्या. चूक ऑप-ॲम्पच्या पोटातली आहे, ग्राउंडच्या ट्रॅकमधली आहे की सर्किट ऑसिलेट होतंय, हे कळल्याशिवाय फिरवलेला प्रीसेट एका चुकीवर दुसरी चूक चढवतो. एका ठिकाणी आकडा जुळतो, बाकी सगळीकडे बिघडतो.

आधी आजार ओळखा

ऑफसेटची खूण अशी की तो प्रवाहाबरोबर बदलत नाही. ऑप-ॲम्पच्या आत इनपुटला दोन ट्रान्झिस्टर जोडीने बसलेले असतात. ते अगदी एकसारखे कधीच नसतात, म्हणून दोन्ही पायांवर समान व्होल्टेज असूनही ऑप-ॲम्पला थोडा फरक 'दिसतो'. हा फरक १० मिलिव्होल्टच्या कमांडला जेवढा, तेवढाच १०० च्या कमांडला. तपासणी याच गुणावर उभी करायची.

मल्टिमीटर २०० मिलिव्होल्टच्या रेंजवर लावा. साडेतीन अंकी साधा मीटर तिथे ०.१ मिलिव्होल्टपर्यंत दाखवतो, ड्रायव्हरसाठी तेवढं पुरे. मीटरचं काळं टोक रेझिस्टरच्या ग्राउंडकडच्या पायावरच टेकवा, अगदी मुळाशी. पीसीबीवर दुसरीकडे कुठे ग्राउंड दिसलं म्हणून तिथे टेकवू नका. लाल टोक आधी ऑप-ॲम्पच्या प्लस पायावर, मग रेझिस्टरच्या वरच्या पायावर. दोन आकडे लिहून घ्या. कमांड १० मिलिव्होल्ट ठेवून एकदा, ५० वर एकदा, १०० वर एकदा.

माझ्याकडे १०.० ला १३.८, ५०.० ला ५३.८ आणि १००.० ला १०३.८ आले. फरक तिन्ही ठिकाणी तोच. हा शुद्ध ऑफसेट.

समजा आकडे ९.१, ४५.५ आणि ९०.९ असे आले असते, तर फरक प्रमाणात वाढतोय, म्हणजे ऑप-ॲम्प निर्दोष आहे. बहुधा ग्राउंडच्या ट्रॅकमध्ये १० मिलिओम लपलेले आहेत. पीसीबीवरचं नेहमीचं ३५ मायक्रॉनचं तांबं प्रत्येक चौकोनाला सुमारे अर्धा मिलिओम रोध देतं. १ मिलिमीटर रुंद आणि २० मिलिमीटर लांब ट्रॅक म्हणजे असे २० चौकोन, म्हणजे १० मिलिओम. त्यातून १ अँपिअर गेला की १० मिलिव्होल्ट पडतात, एलएम३५८ च्या वाईटातल्या वाईट ऑफसेटपेक्षाही जास्त! याला प्रीसेटचा उपाय नाही. रेझिस्टरच्या दोन्ही पायांच्या मुळापासून संवेदनाच्या दोन वेगळ्या बारीक वायरी काढा. हीटरचा जड प्रवाह त्यांतून जाता कामा नये. कमांडचं ग्राउंडही त्याच बिंदूला आणून जोडा. मी तर पहिल्या बोर्डावर जाड ट्रॅक धारदार पात्याने कापून ही जोडणी वरून वायरीने केली होती. दिसायला ओंगळ, पण आकडे सरळ झाले.

शून्य कमांडला ऑफसेट मोजायला जाऊ नका. तुमच्या ऑप-ॲम्पचा ऑफसेट उलट्या दिशेचा असेल, तर त्याला रेझिस्टरवर ऋण व्होल्टेज हवं असतं आणि मॉसफेट ते देऊ शकत नाही. हीटर बंद, मीटरवर ०.०, आणि आपण समाधानाने म्हणतो की ऑफसेट नाही. प्रत्यक्षात कमांडचे पहिले ३-४ मिलिव्होल्ट वाया जात असतात. तापमानाचा कंट्रोलर त्या मृत पट्ट्यात वाट पाहत बसतो, त्याची बेरीज आत साचत राहते आणि हीटर एकदा सुरू झाला की ती सगळी एकदम बाहेर पडते. तापमान वर उडी मारतं, मग खाली येतं, पुन्हा उडी. अशी हळू लाट दिसली तर कंट्रोलरच्या सेटिंगशी झगडण्याआधी हा पट्टा मोजा.

तिसरा संशयित आहे ऑसिलेशन. पॉवर मॉसफेटच्या गेटला चांगली दीड-दोन हजार पिकोफॅरड कपॅसिटी असते. ती थेट ऑप-ॲम्पच्या आउटपुटला टांगली की बिचारा डगमगतो. डीसी मीटरला ही थरथर दिसत नाही, तो फक्त सरासरी दाखवतो, आणि ती सरासरी हुबेहूब ऑफसेटसारखी दिसते. ऑसिलोस्कोप असेल तर काही सेकंदांचं काम आहे. नसेल तर गेटच्या पायाजवळ कोरडं बोट नेऊन बघा (सर्किट कमी व्होल्टेजचं असेल आणि मेन्सपासून वेगळं असेल तरच). बोट लावलं की मीटरचा आकडा हलतो आणि काढलं की परत येतो, असं झालं तर शंकेला जागा नाही. गेटच्या वाटेत १०० ओम घाला, रेझिस्टरपासून मायनस पायापर्यंत १ किलोओम आणि ऑप-ॲम्पच्या आउटपुटपासून मायनस पायापर्यंत १० नॅनोफॅरडचा कपॅसिटर. हीटरला घाई नसते, त्यामुळे सर्किट संथ झाल्याचं काही बिघडत नाही.

इनपुटचा बायस करंट मात्र एका वाक्यात संपतो. एलएम३५८ चा बायस करंट साधारण ४५ नॅनोअँपिअर, तो १ किलोओममधून गेला तर ४५ मायक्रोव्होल्ट, आणि कोणी १०० किलोओम लावले तर ४.५ मिलिव्होल्ट. म्हणून दोन्ही पायांकडचे रोध लहान आणि एकमेकांइतके ठेवा.

ड्रायव्हरचा ऑफसेट आणि सेन्सरचा ऑफसेट

तापमान राखणाऱ्या यंत्रात निदान दोन ऑप-ॲम्प असतात. एक सेन्सरचं बारीक व्होल्टेज वाढवतो, दुसरा हीटर चालवतो. दोघांचा ऑफसेट सारखाच असला तरी परिणामात जमीन-अस्मानाचा फरक असतो.

ड्रायव्हर लूपच्या आत आहे. त्याने ३८ मिलिअँपिअर जास्त दिले, की ठोकळा किंचित तापतो, सेन्सरला ते कळतं आणि कंट्रोलरमधला इंटिग्रल भाग कमांड तेवढी खाली आणतो. चूक आपोआप गिळली जाते. उरते ती फक्त शून्याजवळची अडचण. हीटर पूर्ण बंद होत नाही किंवा मृत पट्टा राहतो. सेन्सरच्या ॲम्प्लिफायरवर मात्र कुणाची नजर नाही. तो जे सांगेल तेच कंट्रोलरसाठी सत्य. त्याने ३६ ला ३७ म्हटलं, तर सगळं यंत्र इमानाने ३६ अंश राखत बसेल आणि डिस्प्लेवर ३७ दिसत राहतील.

आकड्यांत बघू. पीटी१०० सेन्सर अंशाला ०.३८५ ओम बदलतो. त्यातून १ मिलिअँपिअर सोडला तर अंशाला ३८५ मायक्रोव्होल्ट मिळतात. इथे २ मिलिव्होल्टचा ऑफसेट म्हणजे पाच अंशांहून जास्त चूक. ती प्रीसेटने शून्य करता येते, पण एलएम३५८ चा ऑफसेट तापमानाबरोबर सरकतो, अंशाला साधारण ७ मायक्रोव्होल्ट. सकाळी थंड असलेला डबा दुपारी आतून २० अंश तापला तर १४० मायक्रोव्होल्ट सरकले. ड्रायव्हरमध्ये त्याचे १.४ मिलिअँपिअर होतात, कुणाला पत्ताही लागत नाही. पीटी१०० वर मात्र त्याचा तिसऱ्या हिश्श्याहून जास्त अंश होतो. १० किलोओमच्या थर्मिस्टरला १ व्होल्टच्या ब्रिजमध्ये ३७ अंशांपाशी अंशाला सुमारे १० मिलिव्होल्ट मिळतात, म्हणजे तेच १४० मायक्रोव्होल्ट तिथे दीड शतांश अंशाहून कमी. (ब्रिजचं व्होल्टेज वाढवून आणखी संवेदना मिळवण्याचा मोह होतो. पण थर्मिस्टर स्वतःच तापतो, आणि ती चूक ऑफसेटपेक्षा वाईट.)

म्हणून माझा हिशोब असा: ड्रायव्हरला साधा ऑप-ॲम्प आणि प्रीसेट पुरतो. सेन्सरकडे पैसे खर्च करा.

ड्रायव्हरची दुरुस्ती

सगळ्यात स्वस्त उपाय ऑप-ॲम्पला हात न लावता होतो. ०.१ ओमच्या जागी ०.५ ओम लावा. आता १०० मिलिअँपिअरला ५० मिलिव्होल्ट मिळतात आणि ३.८ चा ऑफसेट ३८ ऐवजी ७.६ मिलिअँपिअरचा राहतो. बदल्यात १ अँपिअरला रेझिस्टर अर्धा वॅट उष्णता टाकतो, म्हणून २-३ वॅटचा, कमी तापमान-गुणांकाचा घ्या आणि बोर्डापासून थोडा उचलून बसवा. माझ्या सर्किटमध्ये २४ पैकी २० व्होल्ट हीटरवर जात होते, अर्धा व्होल्ट द्यायला जागा होती. तुमच्याकडे नसेल तर पुढचा उपाय.

एलएम३५८ ला ऑफसेट जुळवायचे वेगळे पाय नसतात, तेव्हा बाहेरून थोडं व्होल्टेज टोचायचं. प्लस ५ आणि मायनस ५ व्होल्टच्या मध्ये १० किलोओमचा मल्टीटर्न प्रीसेट. त्याचा मधला पाय ६८० किलोओममधून मायनस इनपुटला. तिथे रेझिस्टरकडून येणारा १ किलोओम आधीच आहे. ५ व्होल्टचा साधारण ६८० वा भाग, म्हणजे सुमारे ७.३ मिलिव्होल्ट, दोन्ही दिशांना मिळतो, एलएम३५८ च्या हद्दीला पुरून उरतो. दोन्ही बाजूंचे ५ व्होल्ट स्थिर हवेत. हीटरच्या २४ व्होल्टवरून ते घेतले, तर हीटर सुरू-बंद होताना ऑफसेटही हलेल.

जुळवताना यंत्र आधी १५-२० मिनिटं झाकण लावून चालू ठेवा. नंतर कमांड १० मिलिव्होल्टवर नेऊन रेझिस्टरच्या पायांवर १०.० येईपर्यंत प्रीसेट फिरवा, मग १०० वर तपासा. दोन्हीकडे जुळलं तर निदान बरोबर होतं. १० ला जुळून १०० ला चुकलं तर परत ग्राउंडकडे बघा. जुळल्यावर प्रीसेटच्या स्क्रूवर नेलपॉलिशचा एक ठिपका द्या. गाडीतून नेताना तो हलत नाही.

ऋण सप्लाय नसेल तर दोन वाटा आहेत. आयसीएल७६६० सारखी आयसी प्लस ५ वरून मायनस ५ बनवते, प्रीसेटला पुरेल इतका करंट ती सहज देते. दुसरी वाट मला जास्त आवडते: प्रीसेट काढून टाका आणि प्लस ५ थेट ६८० किलोओममधून मायनस इनपुटला जोडा. आता ऑप-ॲम्प कुठलाही येवो, ऑफसेटची दिशा कायम 'बंद'कडे राहते. कमांड शून्य म्हणजे हीटर खात्रीने शून्य. मृत पट्टा वाढतो हे खरं, पण तो कुठे संपतो हे एकदा मोजून ठेवता येतं, आणि कंट्रोलरची कमांड तिथूनच सुरू करता येते. नमुना जास्त तापला तर फुकट जाणार असेल, तर हाच मार्ग घ्या. ऑप-ॲम्पच्या भरवशावर न ठेवता हीटरला एक स्वतंत्र थर्मल कटआउटही लावा.

सेन्सरकडचा ऑप-ॲम्प

इथे ओपी०७ अजूनही उपयोगाचा आहे. जॉर्ज एर्डी यांनी प्रिसिजन मोनोलिथिक्समध्ये तो १९७५ च्या सुमारास आणला. त्याची खुबी अशी की ऑफसेटची दुरुस्ती कारखान्यातच, चिपवरचे छोटे झेनर जाळून, केलेली असते. साधी 'सी' श्रेणी घेतली तरी ऑफसेट जास्तीत जास्त १५० मायक्रोव्होल्ट आणि सरकणं अंशाला अर्ध्या मायक्रोव्होल्टच्या आसपास. वर पाहिलेल्या २० अंशांच्या फरकाला १० मायक्रोव्होल्ट, पीटी१०० वर अडीच शतांश अंश. मात्र त्याची इनपुटं खालच्या सप्लायच्या अगदी जवळ जाऊ शकत नाहीत. एलएम३५८ काढून तिथेच एका सप्लायवर ओपी०७ बसवला तर तो चालणार नाही, त्याला ऋण सप्लाय लागतो. ही चूक मी विद्यार्थ्यांच्या प्रोजेक्टमध्ये इतक्यांदा पाहिली आहे की आयसी बदलायला सांगण्याआधी मी सप्लायच विचारतो.

आणि विकत घेतलेला प्रत्येक तुकडा मोजा. १०० ओम आणि १०० किलोओम घेऊन १००१ पट वाढवणारं सर्किट ब्रेडबोर्डवर जोडायचं, इनपुट ग्राउंडला बांधायचं. आउटपुटला जेवढे व्होल्ट, तेवढे मिलिव्होल्ट ऑफसेट. एकदा एका दुकानातून आणलेल्या पाच ओपी०७ पैकी दोघांनी २.६ आणि १.९ व्होल्ट दाखवले. छपाई स्वच्छ होती, पण आतली चिप ओपी०७ ची असणं शक्य नव्हतं. पाच मिनिटांच्या या मोजणीने पुढचे दोन आठवडे वाचले.

ओपी०७ ला ऑफसेट जुळवायचे पाय आहेत, १ आणि ८. २० किलोओमचा प्रीसेट त्या दोघांमध्ये, मधला पाय प्लस सप्लायला. (७४१ मध्ये हे पाय १ आणि ५ असतात आणि मधला पाय मायनस सप्लायला जातो. अदलाबदल केली तर आयसी जाते.) या पायांनी ऑप-ॲम्पचा स्वतःचाच ऑफसेट घालवा. सेन्सरची, ब्रिजची किंवा पुढच्या टप्प्याची चूक इथे भरून काढू नका. बायपोलर जोडीत जबरदस्तीने आणलेल्या प्रत्येक मिलिव्होल्टमागे अंशाला सुमारे ३.३ मायक्रोव्होल्टचं सरकणं येतं. त्या चुका बाहेरून, वर सांगितलेल्या पद्धतीने काढा.

आणखी काटेकोर काम असेल तर स्वतःचा ऑफसेट स्वतःच सतत काढणारे झीरो-ड्रिफ्ट ऑप-ॲम्प घ्या. ओपीए३३३ चा ऑफसेट जास्तीत जास्त १० मायक्रोव्होल्ट आणि सरकणं अंशाला ०.०५ मायक्रोव्होल्ट. त्याला ५.५ व्होल्टच्या वर सप्लाय चालत नाही, हे बोर्डावर बारीक अक्षरात लिहून ठेवा. जास्त व्होल्टेजला चालणारा हवा असेल तर ओपीए१८८ आहे.

इथपर्यंत आलात की ऑप-ॲम्पचं काम संपतं आणि धातूंचे जोड बोलू लागतात. तांब्याचा ट्रॅक आणि धातूच्या डब्यातल्या आयसीचे कोव्हारचे पाय यांचा जोड म्हणजे एक थर्मोकपलच, अंशाला ३५ ते ४० मायक्रोव्होल्टचा. दोन इनपुटच्या जोडांमध्ये दशांश अंशाचा फरक असला तरी ४ मायक्रोव्होल्ट उभे राहतात, ओपीए३३३ च्या २० अंशांतल्या सरकण्याच्या चौपट. हीटरचा मॉसफेट त्याच बोर्डावर एका बाजूला तापत असेल तर हा फरक हमखास येतो. दोन्ही इनपुटचे ट्रॅक आणि रेझिस्टर शेजारीशेजारी, मॉसफेटपासून सारख्या अंतरावर ठेवा, आणि पंख्याचा झोत बोर्डावर येऊ देऊ नका. मी ॲम्प्लिफायरवर कापसाचा बोळा ठेवून काडेपेटीचं खोकं उपडं घातलं होतं. डिस्प्लेवर शेवटचा अंक नाचायचा थांबला, तेव्हा कळलं की दोष इलेक्ट्रॉनिक्सचा नव्हता, हवेचा होता.

मायक्रोकंट्रोलर असेल तर सेन्सरचा प्रवाह उलटसुलट करण्याचा उपाय सगळ्यांना पुरून उरतो. पीटी१०० मधून एकदा सरळ १ मिलिअँपिअर, एकदा उलटा, आणि दोन वाचनांची वजाबाकी करून अर्धी. सेन्सरचं व्होल्टेज दिशेबरोबर चिन्ह बदलतं. ऑफसेट आणि जोडांची थर्मोकपलं बदलत नाहीत, म्हणून वजाबाकीत ती जातात. दिशा बदलल्यावर काही मिलिसेकंद थांबून वाचा, फिल्टरचा कपॅसिटर स्थिरावू द्या.

शेवटी डब्याच्या झाकणाच्या आतल्या बाजूला एक कागद चिकटवा. तारीख, खोलीचं तापमान, १०, ५० आणि १०० मिलिव्होल्ट कमांडला आलेली वाचनं आणि जुळवताना प्रीसेटच्या मधल्या पायावर असलेलं व्होल्टेज. पुढच्या मे महिन्यात यंत्राने पुन्हा कुरकुर केली, तर पहिल्यांदा हेच आकडे परत मोजून बघा.